केअरचं बिल चुकीचं वाटतंय? गप्प बसू नका, आधी हिशेब मागा

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि मुंबईकडची कितीतरी कोकणी मुस्लिम घराणी आज इंग्लंडात स्थायिक आहेत. तरुणपणी तिथे जाऊन राबलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत पोहोचली आहे. कुणाला अर्धांगवायू झालाय, कुणाची स्मरणशक्ती गेलीय, कुणाला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. सकाळी उठवायला, आंघोळ घालायला, कपडे बदलायला कौन्सिलतर्फे केअरर येते. सुरुवातीला घरच्यांना हायसं वाटतं. मग काही आठवड्यांनी पोस्टातून बिल येतं आणि घरात शांतता पसरते.

आम्ही शाळेत शिकवतो. त्यामुळे नात्यातली, गावातली माणसं अशी पत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि विचारतात, "सर, यात काय लिहिलंय ते जरा सांगा." आम्ही पाहिलं की बिल आल्यावर लोक बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण न समजताच भरत राहतात, कारण सरकारी कागदावर छापलेला आकडा बरोबरच असणार, असा त्यांचा समज असतो. काही जण घाबरून केअरच बंद करून टाकतात. मग ऐंशी वर्षांच्या अब्बांना उचलायचं काम पंच्याहत्तरीतल्या अम्मींवर येतं.

दोन्हींत नुकसान आपलंच आहे. केअरचं बिल हा एक हिशेब असतो आणि हिशेब तपासता येतो. चुकला असेल तर तो दुरुस्त करून घ्यायचा रस्ताही कायद्यानेच दिला आहे. तो रस्ता कुठून सुरू होतो आणि कुठपर्यंत जातो, ते इथे समजून घेऊ. ही माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडमध्ये पात्र ठरलेल्या व्यक्तीची पर्सनल केअर मोफत असते, आणि वेल्स व उत्तर आयर्लंडचे नियमही वेगळे आहेत.

दवाखाना मोफत, मग केअरला पैसे का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो. इंग्लंडात एनएचएसचे डॉक्टर आणि हॉस्पिटल यांचे उपचार मोफत असतात. पण आंघोळ घालणं, जेवण भरवणं, कपडे बदलणं, केअर होममध्ये राहणं ही कामं 'सोशल केअर'मध्ये मोडतात. त्यांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलची असते आणि त्यासाठी माणसाच्या ऐपतीप्रमाणे पैसे घेता येतात. याचा मुख्य कायदा म्हणजे केअर अ‍ॅक्ट २०१४. त्याच्यासोबत आकारणीचे नियम आणि सरकारची मार्गदर्शिका आहे. त्या मार्गदर्शिकेप्रमाणे वागणं कौन्सिलवर बंधनकारक असतं. वेगळं वागायचं असेल तर तसंच सबळ कारण लागतं.

काही गोष्टींना मात्र पैसे घेताच येत नाहीत. गरज काय आहे हे ठरवणारी तपासणी, म्हणजे केअर असेसमेंट, मोफत असते. हॉस्पिटलातून आल्यावर किंवा आजारपणानंतर माणूस पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून दिली जाणारी 'रीएबलमेंट' सेवा ६ आठवड्यांपर्यंत मोफत असते. १,००० पाउंडांपर्यंतचे घरातले छोटे बदल आणि मदतीची साधनं, उदाहरणार्थ बाथरूममधला धरायचा दांडा, यांनाही आकार नाही. मानसिक आजारासाठी कायद्याखाली सक्तीने दाखल केलेल्या ठरावीक रुग्णांना मेंटल हेल्थ अ‍ॅक्ट १९८३ च्या कलम ११७ प्रमाणे नंतरची काळजी मोफत मिळते. बिल आलं की आधी एवढं पाहा, आपली सेवा यांपैकी कशात बसते का.

हिशेब कसा मांडतात?

कौन्सिल दोन वेगळ्या तपासण्या करते. पहिल्या तपासणीत गरज पाहतात, दुसरीत पैसा. दुसरीला 'फायनान्शियल असेसमेंट' म्हणतात आणि आपला विषय तिथेच येतो.

आधी बचत पाहतात. २३,२५० पाउंडांपेक्षा जास्त बचत असेल तर केअरचा पूर्ण खर्च स्वतःच करावा लागतो. १४,२५० पाउंडांपर्यंतची बचत अजिबात धरत नाहीत. मधल्या रकमेवर दर २५० पाउंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, आठवड्याला १ पाउंड उत्पन्न आहे असं मानतात. या दोन मर्यादा २०१० पासून बदललेल्या नाहीत.

माणूस स्वतःच्या घरी राहून केअर घेत असेल तर त्या राहत्या घराची किंमत धरत नाहीत. केअर होममध्ये कायमचा गेला तर धरू शकतात. पण त्या घरात नवरा किंवा बायको राहत असेल, साठीच्या पुढचा नातेवाईक राहत असेल, किंवा अपंग नातेवाईक राहत असेल तर तेव्हाही धरत नाहीत. शिवाय कायमचं राहायला गेल्यावर पहिले १२ आठवडे घराची किंमत बाजूला ठेवतात.

मग उत्पन्न पाहतात. पेन्शन, पेन्शन क्रेडिट, अटेंडन्स अलाउन्स वगैरे. नोकरीची कमाई आणि पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटमधला 'मोबिलिटी'चा भाग यात धरायचा नसतो. घरी राहणाऱ्या माणसाच्या हातात दर आठवड्याला ठरावीक रक्कम उरलीच पाहिजे. तिला 'मिनिमम इन्कम गॅरंटी' म्हणतात आणि ती सरकार ठरवतं. भाडं आणि कौन्सिल टॅक्स यांसारखा घराचा खर्चही वजा होतो. त्याखेरीज अपंगत्वामुळे होणारा जादा खर्च वजा करायचा असतो. सगळं वजा जाऊन जे उरतं, त्यातूनच कौन्सिल पैसे मागू शकते.

वर्गात फळ्यावर मांडतो तसं एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यासाठी सोपे धरलेत. एक खाला मुलाच्या घरी राहतात. त्यांचं आठवड्याचं उत्पन्न ३०० पाउंड. त्यांच्या आणि मुलाच्या जॉइंट खात्यात ३२,००० पाउंड आहेत. खातं दोघांचं, म्हणजे निम्मी रक्कम, १६,००० पाउंड, खालांची. त्यातले १४,२५० सोडले तर उरले १,७५०. त्याला २५० ने भागलं की ७. म्हणजे बचतीवर आठवड्याला ७ पाउंड उत्पन्न मानलं जाईल. एकूण ३०७. त्यातून किमान हातात ठेवायची रक्कम समजा २३०. उरले ७७. अपंगत्वाचा जादा खर्च आठवड्याला २५. म्हणजे खालांनी द्यायचे ५२ पाउंड.

आता चुका बघा. जादा खर्चाचा रकाना कोरा राहिला तर बिल ७७ होतं, म्हणजे वर्षाला १,३०० पाउंड जास्त. आणि जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम खालांच्या नावावर धरली तर त्या २३,२५० च्या वर जातात आणि केअरचा पूर्ण खर्च त्यांच्यावर येतो. आठवड्याला १४ तास केअर आणि तासाला २२ पाउंड धरले तर ३०८ पाउंड. ५२ च्या जागी ३०८. फरक पडला फक्त एका खात्याच्या नोंदीमुळे.

चुका नेमक्या कुठे होतात?

जॉइंट खातं: पुरावा नसेल तर रक्कम समसमान वाटलेली धरतात. प्रत्यक्षात पैसे एकाचेच असतील तर पगाराच्या नोंदी आणि बँकेची स्टेटमेंट दाखवून तसं सांगता येतं. आपल्या घरांत मुलाची कमाई अब्बांच्या खात्यात ठेवायची पद्धत आहे, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.

नवरा-बायकोचा हिशेब एकत्र करणं: कौन्सिलला दोघांची मिळून ऐपत मोजायचा अधिकार नाही. ज्याला केअर हवी त्याचंच उत्पन्न आणि त्याचाच हिस्सा मोजायचा. घरात राहणाऱ्या मुलाचा पगार तर अजिबात नाही.

जादा खर्च विचारलाच नाही: आजारामुळे वाढलेलं हीटिंग, रोजचं जास्तीचं कपडे धुणं, डॉक्टरांनी सांगितलेला खास आहार, पॅड, खास खुर्चीची दुरुस्ती, हे सगळं सांगायचं असतं. अनेक घरांत हे सांगायची लाज वाटते. "अम्मींचे कपडे दिवसातून चारदा बदलावे लागतात हे परक्याला कसं सांगायचं?" सांगा. पावत्या ठेवा. हा हक्काचा खर्च आहे.

न आलेल्या केअररचं बिल: अर्धा तास लावलाय, पण बाई दहा मिनिटांत गेली. रविवारी कुणीच आलं नाही, तरी बिल लागलं. फ्रिजवर एक साधी वही टांगा आणि त्यात तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ लिहा. एजन्सीकडेही हजेरीची नोंद असते, ती मागता येते.

केअर होमचा 'टॉप-अप': कौन्सिलने ठरवलेल्या रकमेपेक्षा होम महाग असेल तर वरचे पैसे घरच्यांकडून मागतात. पण ठरलेल्या रकमेत बसणारं, गरजा भागवणारं किमान एक होम कौन्सिलने दाखवलंच पाहिजे. टॉप-अप हा घरच्यांनी स्वखुशीने घेतलेला निर्णय असतो आणि त्याचा लेखी करार लागतो. हलाल जेवण, बाईला बाईनेच आंघोळ घालणं, नमाजाची सोय, उर्दू किंवा आपली बोली समजणारी माणसं, यांतलं जे आपल्या माणसासाठी खरंच गरजेचं आहे ते गरजांच्या तपासणीच्या वेळीच केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. प्लॅनमध्ये लिहिलेली गरज एकाच महागड्या होममध्ये भागत असेल, तर तो फरक घरच्यांनी का द्यायचा, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता. प्लॅनमध्ये लिहिलीच नसेल तर कौन्सिल तिला 'आवड' म्हणेल.

आधी काहीच सांगितलं नाही: हॉस्पिटलातून घाईत सोडताना "आत्ता काही लागणार नाही" असं तोंडी सांगतात आणि चार महिन्यांनी सगळं बिल एकदम येतं. पैसे लागतील की नाही आणि साधारण किती, हे वेळेत सांगणं कौन्सिलचं काम आहे. न सांगितल्यामुळे तुम्हाला दुसरा निर्णय घेता आला नाही, हा तक्रारीचा मजबूत मुद्दा ठरतो.

दिलेल्या पैशांवर संशय: मुलीच्या निकाहला पैसे दिले, हजला गेलो, घर मुलाच्या नावावर केलं. कौन्सिल म्हणू शकते की चार्ज चुकवायला मालमत्ता कमी केली, आणि ते पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं धरू शकते. पण त्यासाठी तिने दोन गोष्टी पाहायच्या असतात. पैसे दिले तेव्हा पुढे केअर लागेल याची कल्पना असणं शक्य होतं का? आणि चार्ज टाळणं हा देण्यामागचा महत्त्वाचा हेतू होता का? धडधाकट असताना दिलेल्या निकाहच्या खर्चाची गोष्ट वेगळी आणि असेसमेंटच्या आदल्या महिन्यात केलेल्या बक्षीसपत्राची वेगळी. तारखा आणि कागद हीच यातली साक्ष.

गावाकडच्या जमिनीचं काय?

हा मुद्दा आपल्या घरांसाठी खास आहे, आणि यात इकडच्या नातेवाइकांची मदत लागते. इंग्लंडातल्या हिशेबात परदेशातली मालमत्ताही धरली जाते. राहत्या घराची सूट फक्त मुख्य घराला मिळते. त्यामुळे दापोली किंवा म्हसळ्याकडचं घर-जमीन सांगावीच लागते. लपवू नका. फॉर्मवर सही करताना आपण सगळं खरं सांगितलं असं लिहून देतो. खोटं निघालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पण सांगायचं ते नीट सांगा. बऱ्याच घरांत आजोबांच्या नावची जमीन अजून वाटलेली नसते. सातबाऱ्यावर भाऊ, बहिणी, चुलते अशी आठ-दहा नावं असतात. कौन्सिलने धरायचा असतो फक्त आपल्या माणसाचा हिस्सा, आणि तोही आजच्या बाजारात त्या हिश्श्याला जे मोल येईल तेवढाच. वाटणी न झालेल्या हिश्श्याला गिऱ्हाईक मिळणं कठीण असतं. महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच विकत घेता येते. भारतातून पैसे बाहेर नेण्यालाही अटी आहेत. विक्रीला खर्च येणार असेल तर किमतीतून १० टक्के वजा करायचे असतात आणि त्या मालमत्तेवरचं तारण कर्जही वजा होतं. हे सगळे मुद्दे लेखी मांडता येतात.

म्हणून गावाकडच्या मंडळींनी ताजा सातबारा, फेरफार, वारसनोंद आणि घरपट्टीची पावती काढून पाठवावी. सोबत इंग्रजी भाषांतर द्यावं. बहिणींचा हक्क शरीयतप्रमाणे आहे पण कागदावर नाही, अशी परिस्थिती असेल तर वकिलाकडून पत्र घ्यावं. लंडनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे माहीत नसतं. समजावून सांगितलं नाही तर तो पूर्ण जमीन एकाच्याच नावावर धरून मोकळा होईल.

तक्रार कशी करायची?

पहिली पायरी, हिशेब मागा. फोनवर भांडण्यात अर्थ नाही. एक ओळीचा ईमेल पाठवा: "फायनान्शियल असेसमेंटचा पूर्ण हिशेब, केअर प्लॅन आणि तुमचं चार्जिंग धोरण लेखी द्या." हिशेब लेखी देणं कौन्सिलचं कर्तव्य आहे. तो हातात आला की प्रत्येक ओळीवर टिकमार्क करा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

दुसरी पायरी, फेरतपासणी मागा. आकडा चुकला असेल, खर्च राहिला असेल, तर पुरावा जोडून रिव्ह्यू मागायचा. साध्या चुका इथेच सुटतात. मात्र बऱ्याच कौन्सिलांत हा रिव्ह्यू वेगळा आणि तक्रार वेगळी असते. म्हणून पत्रात सरळ विचारा, "हा रिव्ह्यू आहे की औपचारिक तक्रार?" नाहीतर सहा महिने पत्रव्यवहार होतो आणि शेवटी कळतं की तक्रार नोंदवलीच नव्हती.

तिसरी पायरी, औपचारिक तक्रार. २००९ च्या तक्रार नियमांप्रमाणे ती तोंडी, लेखी किंवा ईमेलने करता येते. तोंडी केली तर कौन्सिलने ती लिहून घेऊन त्याची प्रत द्यायची असते. तक्रार मिळाल्याची पोच ३ कामाच्या दिवसांत द्यायची असते. तक्रार कशी हाताळणार आणि साधारण किती वेळ लागेल, यावर तुमच्याशी बोलायची तयारी दाखवायची असते. ६ महिन्यांत उत्तर दिलं नाही तर उशिराचं कारण लेखी कळवावं लागतं. तुमच्यावर एकच मोठी मुदत आहे: गोष्ट घडल्यापासून, किंवा तुम्हाला कळल्यापासून, १२ महिन्यांच्या आत तक्रार करा. योग्य कारण असेल तर उशिरा आलेलीही घेतात, पण त्या भरवशावर राहू नका.

पत्र लांबलचक नको. चार गोष्टी लिहा: काय झालं, त्यात काय चुकलं, त्याचा आमच्यावर काय परिणाम झाला आणि आम्हाला काय हवं. नमुना असा:

"माझ्या आईच्या केअर चार्जबद्दल ही औपचारिक तक्रार आहे. मार्चच्या हिशेबात आमच्या जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम तिची धरली आहे. त्यातली निम्मी माझी आहे, सोबत स्टेटमेंट जोडलं आहे. तिचा आजारामुळे होणारा जादा खर्च विचारलाच नाही, त्याची यादी आणि पावत्या जोडल्या आहेत. या बिलामुळे तिने संध्याकाळची केअर बंद करायला सांगितलं आणि त्यानंतर ती एकदा पडली. आम्हाला नवा हिशेब, केअर सुरू झाल्यापासूनची दुरुस्ती आणि जास्त भरलेले पैसे परत हवे आहेत. निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी."

यात राग नाही, टोमणा नाही. आम्ही मुलांना पेपर लिहायला शिकवतो तसंच आहे: विचारलं तेवढं, मुद्देसूद, पुराव्यासह.

तक्रार कोण करू शकतं? ज्याला केअर मिळते तो स्वतः, किंवा त्याच्या संमतीने मुलगा, मुलगी, शेजारी, कुणीही. संमतीचं साधं सही केलेलं पत्र जोडा. स्मरणशक्ती गेलेल्या माणसाच्या वतीने त्याच्या हिताचं पाहणारा नातेवाईक तक्रार करू शकतो. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागा, मुलाच्या नववीतल्या मुलीला मधे बसवू नका. असेसमेंट समजणं कठीण जात असेल आणि सोबत योग्य माणूस नसेल तर केअर अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिलने स्वतंत्र 'अ‍ॅडव्होकेट' द्यायचा असतो. एज यूके आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्था मोफत सल्ला देतात.

तक्रार चालू असताना बिल भरायचं का?

जो भाग मान्य आहे तो भरा आणि तसं लेखी कळवा. वादातल्या रकमेची वसुली थांबवायला सांगा. वरच्या उदाहरणातल्या खाला ५२ पाउंड भरत राहिल्या तर उद्या कुणी त्यांना बिल बुडवणारी म्हणू शकत नाही.

केअर बंद करू नका. ज्या माणसाच्या गरजा भागवायची जबाबदारी कौन्सिलवर आहे, त्याची केअर केवळ थकबाकी आहे म्हणून तिला बंद करता येत नाही. खासगी एजन्सीशी स्वतः करार केला असेल तर मात्र त्या कराराच्या अटी लागू होतात, त्या वाचा. थकबाकीसाठी कोर्टात जाणं हा कौन्सिलने शेवटचा उपाय ठेवायचा असतो, त्याआधी हप्त्यांची बोलणी करता येतात.

अब्बांचं बिल मुलाच्या बोकांडी बसत नाही. मुलाने टॉप-अपच्या करारावर सही केली असेल, किंवा चार्ज चुकवण्यासाठी अब्बांनी त्याच्या नावावर काही केलं असेल, तेव्हाच त्याच्यापर्यंत ते येऊ शकतं. म्हणून केअर होमच्या ऑफिसात घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. घर गहाण ठेवून पैसे नंतर देण्याचा 'डिफर्ड पेमेंट' करार असेल तर त्यावर कौन्सिल व्याज लावू शकते. लावलंच पाहिजे असं नाही. व्याज नको असेल तर करारापूर्वी तसं लेखी मागा, आणि मिळणारं उत्तर पाहून ठरवा.

कौन्सिलने नाही म्हटलं तर

मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जायचं. आपल्याकडच्या लोकायुक्तासारखं हे कौन्सिलपासून स्वतंत्र पद आहे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. साधारणपणे आधी कौन्सिलकडे तक्रार झालेली असावी लागते आणि गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत यावं लागतं. कौन्सिल उगाच लांबवत असेल तर शेवटच्या उत्तराची वाट न पाहताही त्यांना विचारता येतं. स्वतःच्या पैशाने खासगी केअर घेणाऱ्यांनाही २०१० पासून हा दरवाजा खुला आहे. त्यांनी आधी त्या एजन्सीकडे किंवा होमकडे तक्रार करायची.

ओम्बड्समन दोन गोष्टी पाहतात: कौन्सिलच्या वागण्यात चूक होती का, आणि त्या चुकीमुळे तुमचं नुकसान झालं का. दोन्ही असेल तर माफी, नवा हिशेब, चार्ज माफ करणं, पैसे परत देणं, धोरण बदलणं अशी शिफारस ते करतात. ती कायद्याने बंधनकारक नसते, तरी कौन्सिल जवळपास नेहमीच ती पाळतात. नीट नियम पाळून घेतलेला निर्णय केवळ आपल्याला पटला नाही म्हणून ते बदलत नाहीत. म्हणूनच "बिल खूप आहे" एवढंच लिहून भागत नाही, नियम कुठे मोडला ते दाखवावं लागतं.

चुकीच्या खिडकीवरही लोक वेळ घालवतात. केअर क्वालिटी कमिशन केअर होमची तपासणी करतं, पण एकेकाच्या बिलाची तक्रार सोडवत नाही. आजार इतका गंभीर असेल की सगळी काळजी एनएचएसनेच करावी असं वाटत असेल, तर 'कंटिन्युइंग हेल्थकेअर'ची तपासणी मागायची. ती नाकारली तर त्याची दाद एनएचएसकडे, शेवटी पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओम्बड्समनकडे.

धोरणच अन्यायाचं असेल तर हायकोर्टही आहे. २०२० मध्ये एका गंभीर अपंग तरुणीच्या वतीने नॉरफॉक काउंटी कौन्सिलविरुद्ध दावा झाला. काम करूच न शकणाऱ्या माणसाच्या उत्पन्नातला मोठा भाग चार्जमध्ये जातो आणि कमावू शकणाऱ्या अपंगाच्या पगाराला मात्र सूट मिळते, हा भेदभाव आहे, असा निकाल लागला. कोर्टात जायची मुदत फार कमी असते, जास्तीत जास्त ३ महिने, म्हणून तसा विचार असेल तर वकिलाला लगेच भेटा.

तक्रार म्हणजे नाशुक्री नाही

आमच्या ओळखीतले बुजुर्ग म्हणतात, "या मुलखाने आम्हाला खूप दिलं, आता शेवटी तक्रार कशाला?" ही भावना आम्ही समजतो. पण तक्रार करणारा कुणाचं उपकार विसरत नाही. त्यांनीच लिहिलेला नियम त्यांनीच पाळावा, एवढंच तो मागतो. तक्रार केली म्हणून केअर कमी करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. न भरलेलं बिल माणूस गेल्यावर संपत नाही, ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतं. आपल्याकडे तर वारसांचे हिस्से करण्याआधी मय्यतचं कर्ज फेडायचं असतं. मग जे कर्ज मुळात नव्हतंच, ते चुकीच्या हिशेबामुळे अब्बांच्या नावावर का राहू द्यायचं? आणि जे खरंच देणं आहे, ते नीट समजून ते हयात असतानाच का चुकवू नये?

तेव्हा कपाटात ठेवलेलं ते पत्र बाहेर काढा. त्यावरची तारीख बघा आणि १२ महिने मोजा. बँकेची स्टेटमेंट, पावत्या, हजेरीची वही आणि गावाकडचा सातबारा एका फाईलमध्ये लावा. मग एक ओळीचा ईमेल पाठवा: हिशेब द्या.